गृहीतकामुळे कापलेले आठ गुण

फेरतपासणीला आलेल्या उत्तरपत्रिकेत दहापैकी दोन गुण होते आणि समासात लाल शेरा: 'गृहीत धरले, सिद्ध नाही.' प्रश्न असा: क ही २ किंवा त्याहून मोठी पूर्ण संख्या असल्यास १ + १/२ + … + १/क ही बेरीज पूर्णांक नसते, हे सिद्ध करा.

नमुना उत्तर २ च्या घातांवर बेतलेलं. विद्यार्थ्याने वेगळीच वाट धरली होती. फ्रेंच गणिती बर्ट्रांडच्या गृहीतकानुसार म आणि २म यांच्या दरम्यान एक तरी मूळ संख्या असते. म हा क/२ चा पूर्णांक भाग घेतला की त्यावरून क/२ पेक्षा मोठी, पण क च्या पुढे न जाणारी मूळ संख्या प मिळते. २प मात्र क ओलांडतो, म्हणून १ ते क मध्ये प ने भाग जाणारी संख्या एकच, खुद्द प. आता बेरजेला क! ने, म्हणजे १ ते क या सगळ्या संख्यांच्या गुणाकाराने, गुणा. १/प पासून आलेलं पद सोडून बाकी सगळ्यांना प ने भाग जातो, त्या एकाला जात नाही. बेरीज पूर्णांक असती तर एकूण गुणाकारालाही भाग जायला हवा होता. चार ओळींत विषय संपवला होता!

घोळ केला तो नावाने. विधान 'गृहीतक' म्हणून १८४५ मध्ये मांडलं गेलं, पण दहा वर्षांच्या आत रशियन गणिती चेबिशेव्हने त्याची सिद्धताही दिली. नाव तेवढं चिकटून राहिलं. परीक्षकांना ते अजून सिद्ध व्हायचंय असं वाटलं.

सिद्ध झालेलं प्रमेय नाव घेऊन वापरलं तर माझी हरकत नसते. फक्त विचारलेली गोष्टच त्यात दडलेली नको. त्याच गठ्ठ्यात एकाने अ शून्याकडे जाताना साइन अ / अ ची सीमा १ आहे हे लोपितालच्या नियमाने (अंश आणि छेद यांचे विकलज, म्हणजे बदलाचे दर, घेऊन सीमा काढायची) 'सिद्ध' केलं होतं. त्यासाठी लागणारा साइनचा विकलज काढायलाच ती सीमा लागते. तिथे गुण दिले नाहीत.

मात्र या उत्तरातही एक खरी चूक होती, शेऱ्यात नसलेली. प्रमेयाला म हा १ पेक्षा मोठा लागतो. १ आणि २ च्या मध्ये मूळ संख्या कुठून आणणार? म्हणजे क = २ आणि क = ३ वेगळे तपासायला हवे होते: ३/२ आणि ११/६, दोन्ही अपूर्णांक. अर्ध्या ओळीचं काम, पण केलेलं नव्हतं. एक गुण कापला.

नऊवर आधीच्या परीक्षकांनीही सही केली. क = २ त्यांच्याही नजरेतून सुटला होता.