तुम्ही विचारलंत म्हणून: युगांडात अंगात अळी झाली होती ती कशी

आमच्या सांगली-कोल्हापूरकडची साखर कारखान्यातली बरीच मंडळी युगांडा, केनिया, टांझानियाला नोकरीला जातात. माझा भाऊ त्यातलाच, युगांडात जिंजा शहराजवळ एका कारखान्यात केमिस्ट आहे. त्याच्याकडे मी राहायला गेले होते तेव्हा माझ्या अंगात माशीची अळी झाली होती हे आता सगळ्या नात्यागोत्यात माहितीये, त्यामुळे कुणाचा तिकडचा व्हिसा आला की त्या घरातल्या बाईचा मला फोन येतोच. प्रश्न ठरलेला आणि जरा चाचरत विचारलेला, की ताई ते अळीचं खरंय का हो, आणि लहान मुलांना घेऊन जावं की नको?

खरंय. आणि मुलांना खुशाल घेऊन जा, फक्त घरात चांगली इस्त्री ठेवा.

ज्या माशीची ही अळी, तिला तिकडे मँगो फ्लाय म्हणतात, डॉक्टर लोक टुंबू फ्लाय म्हणतात. सहाराच्या खालच्या बऱ्याच आफ्रिकेत ती आहे. पिवळट तपकिरी रंगाची, आपल्या घरमाशीपेक्षा थोडी मोठी. ही माशी माणसाला चावत नाही, अंगावर बसतसुद्धा नाही, म्हणून तर कळत नाही. तिला अंडी घालायला सावली आणि ओल लागते. कुत्र्यांनी घाण केलेली ओलसर वाळू, नाहीतर नीट न वाळलेले कपडे, घामाचा वास राहिलेले असले तर अजूनच. एका वेळी शंभर ते तीनशे अंडी घालते. एक-दोन-तीन दिवसांत त्यातून अळ्या निघतात, इतक्या बारीक की डोळ्याला दिसतील न दिसतील, आणि त्या काही न खाता आठवडा दीड आठवडा तशाच कापडात वाट बघत बसू शकतात. मग तुम्ही तो कपडा घातला की अंगाची ऊब लागते आणि त्या सरळ कातडीत शिरतात. शिरताना दुखत नाही. कातडीच्या खाली आठ ते बारा दिवस वाढतात, मग आपणहून बाहेर पडून मातीत जातात आणि तिथे कोष करून पुढे माशी होते. माशीच्या दृष्टीने उंदीर, कुत्रा आणि आपण सगळे सारखेच.

मी गेले ते तिकडच्या पावसात. मार्च ते मे जिंजाला धो धो पडतो, व्हिक्टोरिया सरोवर शेजारीच, तिथूनच नाईल निघते, हवेत कायम दमटपणा. कपडे पडवीत दोरीवर, ऊन नाही, दोन दोन दिवस वाळायचे नाहीत. वरचे कपडे इस्त्री व्हायचे, आतल्या कपड्यांना आपल्याकडे कोण इस्त्री करतं? तर कमरेला जिथे इलॅस्टिक बसतं तिथे आणि पाठीला ब्राच्या पट्टीखाली असे लाल फोड उठले, खाजायला लागले, डास चावल्यासारखेच दिसत होते. मग ते मोठे होत गेले, गळवासारखे, पण गळू ठणकतं तसं हे ठणकायचं नाही, मधूनच टोचायचं, रात्री पडल्यावर तर आत काहीतरी हलतंय असं स्वच्छ जाणवायचं. हे मी नवऱ्याला फोनवर सांगितलं तर तो म्हणाला तुला भास होतोय. भास नव्हता. प्रत्येक फोडाच्या मधोमध टाचणीच्या टोकाएवढं एक भोक होतं, त्यातून पाण्यासारखं पाझरायचं, आणि टॉर्च धरून बघितलं की भोकाच्या तोंडाशी काळसर ठिपका मागेपुढे होताना दिसायचा. ती अळी त्या भोकातून श्वास घेत असते.

भावाकडे कामाला येणाऱ्या मावशींना वहिनीने दाखवलं. त्यांनी एकदा बघितलं आणि लगेच हात धुवायला गेल्या. त्यांना नवीन काहीच नव्हतं, स्वतःच्या मुलांच्या अंगातून त्यांनी कितीदा काढल्या असतील. भोकावर व्हॅसलिनचा जाड थर दिला आणि मला पालथं झोपवून ठेवलं. हवा बंद झाली की अळी वर येते, व्हॅसलिनमध्ये बारीक बुडबुडा येतो तेव्हा समजायचं. मग दोन्ही अंगठे फोडापासून जरा लांब ठेवून, खालून वर, सावकाश दाबत आणलं. एकदम दाबायचं नाही हे त्या वहिनीला पुन्हा पुन्हा सांगत होत्या, कारण अळी आत फुटली तर तिथे सूज येते आणि पू होतो. बाहेर आली ती भाताच्या शितापेक्षा मोठी, पांढरट, अंगावर बारीक काळे काटे, आणि जिवंत. वळवळत होती वाटीत. मला रडू आलं, वेदनेने नाही, किळस आली म्हणून. मावशी पाठीवरून हात फिरवत बसल्या, मग दुसरी काढली, मग पुढची. वर बीटाडिन लावलं, जखमा पटकन भरल्या, आता नीट बघितलं तरच डाग दिसतात. ही माशी आपल्याला दुसरा कुठला रोग देत नाही, भीती असते ती जखम चिघळण्याचीच, म्हणून कुणी ब्लेडने कापायला सुचवलं तर ऐकू नका, आणि जमत नसेल तर तिथल्या दवाखान्यात जा, त्यांच्या रोजच्या सवयीचं आहे ते.

इथे येऊन सांगितलं की काही जण तोंड वाकडं करतात, आफ्रिकेत असलंच असणार म्हणतात. याचा मला मनापासून राग येतो. माझ्या आजीच्या पायावर घोट्याच्या वर नारूचा व्रण होता. पायऱ्यांच्या विहिरीतलं पाणी प्यायचं, वर्षभराने पायातून हातभर लांब जंत बाहेर यायचा आणि तो तुटू नये म्हणून काडीला गुंडाळत रोज थोडा थोडा ओढायचा, कित्येक आठवडे. ती सांगायची तेव्हा आम्ही पाय वर घेऊन बसायचो. महाराष्ट्रातली किती गावं त्याने बेजार होती. आपला देश नारूमुक्त झाला असं 2000 मध्ये जाहीर झालं आणि युगांडा 2009 मध्ये, म्हणजे फार लांबची गोष्ट नाही. अळी अंगात झाली यात लाज कसली? मी रोज आंघोळ करत होते, कपडे साबणाने धुतलेले होते.

तर जाणाऱ्यांनी काय करायचं. कपडे कडक उन्हात वाळवा, गवतावर किंवा कुंपणावर पसरू नका, आणि अंगाला लागणाऱ्या प्रत्येक कपड्याला गरम इस्त्री करा, आतले कपडे, सॉक्स, टॉवेल, चादरी, उशीचे अभ्रे, बाळाची दुपटी आणि लंगोट तर नक्कीच, दोन्ही बाजूंनी, आणि शिवणीवर व इलॅस्टिकवर जास्त वेळ फिरवा कारण ओल तिथेच राहते. उष्णतेने अंडी मरतात, बाकी काही लागत नाही. लाईट जात असेल तर तिकडे कोळशाची इस्त्री मिळते. उघड्या वाळूवर मुलांना नुसतं झोपवू नका, घरात कुत्रा असेल तर त्याची बसायची जागा कोरडी ठेवा आणि त्याचं अंग अधूनमधून चाचपून बघा, त्याला माणसापेक्षा जास्त होतात.

अजून एक, कोस्टारिका वगैरेला जाणारे पण मला विचारतात. तिकडची बॉटफ्लाय वेगळी, ती डासाच्या अंगावर अंडी चिकटवते आणि डास आपल्यावर बसला की अळी उतरते, तिथे इस्त्रीचा उपयोग नाही, डासांपासूनच जपायचं. ती आत घट्ट रुतून बसते, ती घरी काढायच्या फंदात पडू नका, डॉक्टरकडेच जा.

आणि परत आल्यावर फोड उठला तर इथल्या डॉक्टरांना आधी सांगा कुठून आलात. त्यांनी बहुतेक ही अळी कधी बघितलेली नसते, गळू समजून अँटिबायोटिक देतात, त्याने अळीला काही होत नाही. मधलं भोक दाखवा, टॉर्च धरायला सांगा.