मामाची दिल्ली, गॉस्पोर्टच्या तळ्यात

इंग्लंडातल्या पोर्ट्समथहून खाडीपलीकडच्या गॉस्पोर्टला जाणारी फेरी जेमतेम चार-पाच मिनिटांची. बसायला जागा मिळेपर्यंत उतरायची वेळ होते. उजव्या हाताला १८६० साली पाण्यात उतरलेली 'वॉरियर' ही युद्धनौका काळीभोर उभी असते, आणि इकडच्या लोकांना तिचं काही वाटत नाही. आपल्याला गिरगावात चौपाटीचं वाटतं तितकंच.

मी निघालो होतो वॉलपोल पार्कातल्या कॉकल पाँड या तळ्यावर. ऑफिसातल्या एकाने सांगितलं होतं, रविवारी ये, लढाया दाखवतो. मला वाटलं, पोरंटोरं असतील. बघतो तर काठावर सगळे सत्तरीचे आजोबा. घडीच्या खुर्च्या, थर्मास, गळ्यात रिमोट आणि गवतावर मांडून ठेवलेलं छोट्या जहाजांचं अख्खं आरमार.

ही जहाजं विकत आणलेली नव्हती. मूळ नकाशे मिळवून, पट्टी पट्टी चिकटवून, कुणी चार तर कुणी सहा वर्षं खपून केलेली. पोटात बॅटरी, दोन मोटारी आणि शिशाच्या वड्या. जहाज पाण्यात नेमकं रंगाच्या रेघेपर्यंत बुडायला हवं, म्हणून या वड्या इकडच्या तिकडे सरकवत बसायचं. ते काम घरच्या बाथटबमध्ये चालतं. "बायको बाजारात गेली की," एक आजोबा म्हणाले.

त्यांनी आणखी एक गंमत सांगितली. जहाज शहाण्णव पटींनी लहान केलं म्हणून वेग शहाण्णव पटींनी कमी करायचा नाही, शहाण्णवच्या वर्गमुळाने करायचा. म्हणजे ३२ नॉटवाली क्रूझर (मध्यम आकाराची युद्धनौका) इथे साधारण सव्वातीन नॉटने धावते. भरभर चालणाऱ्या माणसाएवढा वेग. म्हणूनच बहुधा काठावरचे सगळे आपापल्या जहाजाबरोबर चालत होते, आणि समोर बघत नसल्यामुळे एकमेकांवर आदळत होते.

या छंदाची अमेरिकेत एक मारकुटी शाखा आहे. तिथे बाल्सा या हलक्या लाकडाच्या पातळ सालीची जहाजं करतात, वायूच्या दाबाने पोलादी छर्रे मारून ती खरोखर बुडवतात, मग वर काढून भोकं बुजवतात. इथल्या मंडळींना ते ऐकूनच कसंतरी होतं. सहा वर्षं खपायचं आणि भोकं पाडून घ्यायची? इथे तोफा फक्त आवाज करतात, धुराड्यातून तापलेल्या तेलाचा पांढरा धूर निघतो, आणि कोण हरलं ते इतिहासाने आधीच ठरवलेलं असतं.

त्या दिवशी लढाई होती रिव्हर प्लेटची. १३ डिसेंबर १९३९, दक्षिण अमेरिकेचा किनारा. एका बाजूला ११ इंची तोफांची जर्मन 'ग्राफ श्पे', दुसऱ्या बाजूला 'एक्सेटर', 'एजॅक्स' आणि 'अकिलीस' या तीन क्रूझर. खऱ्या लढाईनंतर ग्राफ श्पे माँटेव्हिडिओ बंदरात शिरली आणि चार दिवसांनी तिच्याच कप्तानाने तिला बुडवलं. इथे ती बंदरापर्यंत पोचलीच नाही. पंख्यांना शेवाळ गुंडाळलं आणि दोन मीटर लांबीची ती धिप्पाड बाई तळ्याच्या मधोमध ठप्प. मग टेनिसच्या चेंडूला मासेमारीची दोरी बांधून तो तिच्या पलीकडे फेकायचा आणि हळूहळू ओढायचं. तिसऱ्या फेकीला चेंडू बरोबर पडला. एक बदक शेवटपर्यंत निषेध नोंदवत होतं.

तेवढ्यात 'अकिलीस' माझ्या पायाशी काठाला लागली आणि माझी ट्यूब पेटली. अकिलीस म्हणजे आपली 'दिल्ली'! १९४८ साली भारताने ती घेतली, नाव बदललं, १९६१ च्या डिसेंबरात ती दीवच्या समुद्रात होती, १९७८ साली निवृत्त झाली. आणि माझा मालवणचा मामा साठच्या दशकात तिच्यावर होता. लहानपणी आम्ही शाळेत सांगायचो, मामा दिल्लीला असतो. बाई विचारायच्या, दिल्लीत कुठे? आम्ही म्हणायचो, समुद्रात.

मी आजोबांना हे सांगितलं. त्यांना १९४८ नंतरचं ठाऊक होतं, पण तिच्यावर नोकरी केलेल्या माणसाशी बोलायला मिळेल असं वाटलं नव्हतं. मालवणात दुपारचे साडेतीन, मामा नुकता पडलेला. तरी व्हिडिओ कॉल लावला आणि फोन जहाजावर धरला. मामाने चष्मा चढवला, बराच वेळ बघितलं.

"ह्या आमचा जहाज न्हय रे. ह्येका मागे येक तोफ जास्त असा."

मी ओशाळून भाषांतर केलं. आजोबा मात्र खूश! १९४३ च्या जानेवारीत पॅसिफिकमध्ये तिच्या मागच्या दोन तोफांच्या फिरत्या मनोऱ्यांपैकी वरच्यावर बॉम्ब पडला होता. त्याच वर्षी दुरुस्तीला ती इथेच आली, पोर्ट्समथच्या गोदीत, मी फेरी पकडली तिथून पलीकडे. तो मनोरा काढून तिथे विमानविरोधी तोफा बसवल्या, आणि भारतात आली ती तीनच मनोरे घेऊन. हे मॉडेल १९३९ चं, म्हणून चार.

बोलता बोलता त्यांनी जहाज गवतावर ठेवलं, तो मनोरा दोन बोटांत धरून किंचित फिरवला आणि अलगद उचलून खिशात टाकला. खाली बोराएवढं गोल भोक राहिलं, त्यातून लाल वायर दिसत होती. "आता विचार त्यांना."

मामाने पुन्हा फोन डोळ्यांजवळ नेला.

"आता जरा बरा दिसता," मामा म्हणाला. "पण त्येका सांग, बावटो बदल. कोपऱ्यात तिरंगो होयो."