प्लॅनेट रॉक रिग: ऑर्केस्ट्रा हिट अखेर बसला

मंडळी, 'प्लॅनेट रॉक' गाण्याचे आवाज स्वतः बांधलेल्या सर्किटवर काढायच्या या रिगमध्ये हिट बसला. सोलसॉनिक फोर्स या हिप-हॉप गटाच्या १९८२ च्या त्या रेकॉर्डमधला तो अंगावर येणारा ऑर्केस्ट्रा हिट (सगळ्या वाद्यांचा एकत्र ठोका) आता ब्रेडबोर्डवरून तसाच खरखरीत येतोय. ८०८ क्लोन (रोलँड टीआर-८०८ ड्रम मशीनची नक्कल) आणि बेस मागच्या अपडेटमध्ये मार्गी लागले होते, घोडं अडलं होतं ते इथंच.

फेअरलाइट या जुन्या डिजिटल सॅम्पलरमधला ऑर्क५ हा आवाज म्हणजे स्ट्राविन्स्कीच्या 'फायरबर्ड'मधून उचललेला एक ठोका. ८ बिट, एका व्हॉइसला (एका वेळी वाजणाऱ्या एका स्वराला) १६ किलोबाइट. एवढ्या माहितीवर सगळेजण सॅम्पल ८ बिटवर आणतात आणि सॉफ्टवेअर सॅम्पलरमध्ये टाकतात. एकच स्वर दाबला तर चालून जातं. मायनर कॉर्ड दाबला की हिट कापसासारखा मऊ पडतो. कारण सॉफ्टवेअर आउटपुटचा रेट एकच ठेवतं आणि वरखालचे स्वर इंटरपोलेशनने (मधल्या किमती हिशोबाने भरून) काढतं. फेअरलाइटमध्ये प्रत्येक व्हॉइसला वेगळं कार्ड आणि सॅम्पल किती वेगाने वाचायचा ते ठरवणारा त्याचा क्लॉकच स्वराबरोबर कमीजास्त होतो. म्हणजे ती वरची धातूसारखी खरखरही प्रत्येक स्वराबरोबर सरकते, आणि तीन स्वरांच्या तीन खरखरी एकमेकींत विरघळत नाहीत. ऐकू येतो तो चावा याचाच आहे.

तेव्हा तीन व्हॉइस, तीन क्लॉक. यासाठी रास्पबेरी पाय पिको हा छोटा मायक्रोकंट्रोलर बोर्ड फार सोयीचा, कारण त्याच्या डीएमएला (प्रोसेसरला न गुंतवता डेटा हलवणारा भाग) वेग ठरवणारे ४ पेसिंग टायमर आहेत. सिस्टिम क्लॉक १२५ मेगाहर्ट्झ धरून त्याचे अपूर्णांक असे: मूळ स्वराला ७/६२५००, म्हणजे बरोबर १४,००० हर्ट्झ. कोमल गंधाराला १/७५०८, साधारण १६,६४९. पंचमाला ५/२९७९६, साधारण २०,९७६. १६,३८४ बाइट संपायला अनुक्रमे १.१७, ०.९८ आणि ०.७८ सेकंद लागतात. पंचम आधी संपतो, खालचा स्वर मागे रेंगाळतो. ही शेपटी मुद्दाम कापून सारखी करू नका, हिटचा अर्धा जीव तिच्यात आहे.

आधी ८-८ पिनांवर थेट लॅडर (बिटांचं व्होल्टेज करणारी रेझिस्टरची साखळी) लावायचा बेत होता. तिसऱ्या व्हॉइसला जीपी१६ ते जीपी२३ या पिना हव्यात आणि जीपी२३ बोर्डाबाहेर येतच नाही. मग तिन्ही व्हॉइसना ७४एचसी५९५ (एकामागून एक येणारे बिट आठ पिनांवर देणारी शिफ्ट रजिस्टर चिप) दिला: डेटा, क्लॉक, लॅच, अशा ९ पिनांत काम होतं. लॅच असल्याने आठही बिट एकदम बदलतात. डीएमए ट्रान्सफर ८ बिटांचाच ठेवा. चिपची डेटा बस तोच बाइट ३२ बिटांच्या शब्दाच्या चारही भागांत लिहिते, त्यामुळे पीआयओने (पिना हलवणारा पिकोतला भाग) डावीकडून शिफ्ट केलं तरी योग्य बाइट निघतो. तिन्ही डीएमए चॅनेल एकाच मास्कने (एकाच आदेशात) सुरू करा, नाहीतर ठोक्याची सुरुवात पसरते.

लॅडरसाठी फक्त १० के (किलोओहम), १ टक्का मेटल फिल्म रेझिस्टर. २० केच्या जागी दोन जोडून. एका व्हॉइसला २५ नग. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर सुटे घेऊ नका, एकाच पाकिटातले घ्या. ते आपसात जास्त जुळतात. सगळ्यात जुळणारे वरच्या दोन बिटांना. लॅडरच्या आउटपुटला १.५ नॅनोफॅरडचा कपॅसिटर ग्राउंडकडे, म्हणजे कटऑफ साधारण १०.६ किलोहर्ट्झ, आणि पुढे टीएल०७२ ऑप-अँपचा बफर. ५९५ ला वेगळा ३.३ व्होल्ट रेग्युलेटर हवाच, कारण त्याचा सप्लाय म्हणजेच इथला रेफरन्स. बारीक शिट्टी उरलीच तर जीपी२३ हाय करा: पिकोचा रेग्युलेटर पीडब्ल्यूएम मोडमध्ये जातो आणि रिपल (सप्लायमधला चढउतार) उतरतो. बाहेर न येणारी पिन शेवटी कामाला आली, याचा आनंद काही औरच!

सॅम्पल तयार करताना हॉलचा रिव्हर्ब ८ बिटच्या आधी द्या, नंतर नाही. डिदर (मुद्दाम मिसळलेला बारीक गोंगाट) नको. शेवटचे ६४ बाइट १२८ वर आणून सोडा. ० वर सोडले तर हिटच्या शेवटी धप्प येतो.

८०८ बद्दल थोडं. काउबेल या घंटेसारख्या आवाजाचे दोन ऑसिलेटर ५४० आणि ८०० हर्ट्झला लावा. श्मिट ट्रिगर चिपची कंपनी बदलली की हिस्टेरिसिस (चालू आणि बंद होण्याच्या व्होल्टेजमधला फरक) बदलतो आणि फ्रिक्वेन्सी लांब जाते, म्हणून क्लोनमध्ये मल्टिटर्न ट्रिमर घाला. किटबरोबर येणारे एका फेऱ्याचे ट्रिमर या कामाचे नाहीत. बोर्ड तापल्यावरच मोजा.

आता रॅपचा आवाज. मूळ रेकॉर्डवर तो व्होकोडर नव्हे, लेक्सिकॉन पीसीएम ४१ या डिजिटल डिले यंत्राचा अगदी आखूड डिले आहे. पीटी२३९९ या डिले चिपवर करायचं ठरत होतं, पण तो साधारण ३० मिलिसेकंदाखाली नीट जात नाही आणि दुप्पट झालेला आवाज वेगळा ऐकू येतो. हे लिहिता लिहिता सुचलं: चौथा पेसिंग टायमर रिकामाच आहे! पिकोच्या एडीसीचे (आवाजाचे आकडे करणारा भाग) वरचे ८ बिट, २० किलोहर्ट्झ, २५६ बाइटचा रिंग बफर (संपला की पुन्हा सुरुवातीपासून भरणारा), म्हणजे १२.८ मिलिसेकंद. टायमर हलवला की डिलेही सरकणार. रिंग बफरचा पत्ता २५६ च्या सीमेवर अलाइन करावा लागतो, तेवढं लिंकर फाइलमध्ये बघायचंय. पीटी२३९९ ची ऑर्डर रद्द.