टक्के कशाचे?

आज आठवीला नफा-तोटा. उदाहरण साधं: दुकानदाराने छत्री शेकडा २० नफ्याने ६०० रुपयांना विकली, तर खरेदी किंमत किती? बऱ्याच वह्यांत उत्तर आलं ४८०. मुलांनी ६०० चे २० टक्के, म्हणजे १२० काढले आणि वजा केले. ताळा घेतला की चूक लगेच उघडी पडते. ४८० चे २० टक्के ९६, मग विक्री ५७६ होते, ६०० नाही.

नफा मोजायचा खरेदीवर. उदाहरणात खरेदीच दिलेली नाही, म्हणून ती १०० धरायची, मग विक्री १२०. विक्री १२० तर खरेदी १००, विक्री ६०० तर? ६०० × १०० ÷ १२० = ५००. साधं त्रैराशिक.

मुलांना वजाबाकी-भागाकार येतो हो, वाचायची घाई नडते. त्यामुळे सूत्र आधी देऊच नये असं माझं ठाम मत आहे. आधी वहीत ‘टक्के कशाचे?’ एवढं लिहून घ्यावं.

किमतीवर सूट देतानाही हाच घोळ होतो. ८०० च्या छापील किमतीवर आधी २० टक्के, मग १० टक्के सूट दिली, की ६४० आणि मग ५७६. एकूण सूट २८ टक्के, ३० नव्हे, कारण दुसरी सूट ६४० वर बसते.