चायनाटाउनमधली मारिअम्मन

सिंगापूरला येणारी आपली मंडळी देवळात जायचं म्हटलं की लिटल इंडिया या भारतीय वस्तीकडे वळतात. शहरातलं सर्वांत जुनं हिंदू देऊळ मात्र तिथे नाही. ते चायनाटाउनच्या ऐन बाजारात, साउथ ब्रिज रोडवर आहे: श्री मारिअम्मन मंदिर. मेट्रोतून वर आलं की दुकानांनी गजबजलेल्या पॅगोडा स्ट्रीटने सरळ चालत जायचं. गल्लीच्या टोकाला मंदिराची भिंत आणि तिच्यावर बसवलेल्या गाई दिसतात. मूर्तींनी खच्चून भरलेल्या गोपुराखालून आत शिरायचं, मोठ्या दारावर ओळीने लावलेल्या छोट्या घंटा हाताने वाजवायच्या, की आपण देवीच्या दारात.

मारिअम्मन म्हणजे आपल्या मरीआईसारखी, देवी-गोवरासारख्या साथींपासून राखणारी. जहाजातून उतरलेल्या, औषधपाण्याची फारशी सोय नसलेल्या माणसांनी इथे आल्यावर आधी तिला बसवलं, हे मला अगदी पटलं.

ही स्थापना केली नारायण पिल्लई यांनी. 1819 साली ते, सिंगापुरात ब्रिटिशांचं ठाणं वसवणाऱ्या रॅफल्ससोबत, पेनांग बेटावरून आले. इथे त्यांनी विटांची भट्टी घातली, कापडाचा व्यापार केला. देवळासाठी पहिल्यांदा मिळालेली तेलोक आयर भागातली जागा सोडावी लागली, कारण पूजेला लागणारं गोडं पाणी तिथे नव्हतं. अखेर 1823 मध्ये सध्याची जागा मिळाली आणि 1827 साली लाकूड आणि झावळ्यांचं साधं देऊळ उभं राहिलं. तेव्हा पिल्लईंनी बसवलेली देवीची लहानशी मूर्ती ‘सिन्न अम्मन’ आजही पुजली जाते. पक्कं बांधकाम नंतरचं.

पण मला या इतिहासात सगळ्यात मोलाचं वाटतं ते वेगळंच. तमिळनाडूच्या किनाऱ्यावरच्या नागपट्टणम, कडलूर भागातून आलेल्या माणसाला काम आणि डोक्यावर छप्पर मिळेपर्यंत हे देऊळ आसरा द्यायचं. पुढे लग्न ठरलं, तर त्याची नोंदही इथेच. एके काळी सिंगापुरात हिंदू विवाह लावण्याचा अधिकार फक्त या मंदिराला होता. परक्या बंदरात ओळखदेख नसलेल्या माणसाला यापेक्षा मोठा आधार कुठला? मंदिराच्या जोडइमारतीत आजही लग्नं लागतात.

मी गेले ती शुक्रवारची सकाळ होती. साडेदहाला राहुकाळ सुरू झाला आणि दुर्गेपुढे बायकांची लगबग वाढली. अर्धं लिंबू पिळून, साल उलटी करून तिची पणती करायची, तुपाची वात लावायची. आपण राहुकाळात शुभकार्य टाळतो; इथे तीच वेळ दुर्गेच्या पूजेची. ऑफिसचं ओळखपत्र गळ्यात असलेल्या मुली पाच मिनिटांत दिवा लावून, कुंकू लावून परत निघत होत्या. आत नादस्वरम (सनईसारखं वाद्य) आणि तविल (ढोल) सुरू झालं तेव्हा एक चिनी आजी डोळे मिटून, हात जोडून उभ्या होत्या.

मी सर्वांत जास्त वेळ थांबले ती द्रौपदीपाशी. महाभारत आपण लहानपणापासून ऐकतो, पण देवी म्हणून तिची स्वतंत्र पूजा आपल्याकडे फारशी दिसत नाही. इथे मारिअम्मननंतर तिचाच मान. शेजारी पाच पांडव आणि कृष्ण. तिच्यासाठी दरवर्षी ‘तीमिती’ होते, म्हणजे निखाऱ्यांवरून चालणं. त्याआधी काही महिने महाभारतातले प्रसंग क्रमाने साजरे होतात: द्रौपदी-अर्जुनाचा विवाह, अर्जुनाचा मुलगा अरवान याचं बलिदान, मग युद्ध. तीमितीच्या रात्री भाविक सेरंगून रोडवरच्या श्रीनिवास पेरुमाळ मंदिरातून इथपर्यंत चालत येतात. डोक्यावर करगम, म्हणजे सजवलेला कलश, घेतलेला पुजारी निखाऱ्यांवर पहिलं पाऊल टाकतो, त्याच्या मागून नवस बोललेले पुरुष, हातात कडुलिंबाचा पाला घेऊन. पलीकडे पाय टेकायला दुधाचा खड्डा असतो. भर सभेत जिची विटंबना झाली, तिच्या नावाने माणसं विस्तवावर चालतात! तिच्या गाभाऱ्यापुढे उभं राहून हा विचार करताना माझे डोळे भरून आले.

बाहेर पडून त्याच रस्त्याने थोडं चाललात तर जामे मशीद लागते. तीही तमिळ मुसलमानांनी, 1826 च्या सुमारास उभारलेली. एकाच किनाऱ्यावरून आलेल्या माणसांची ही दोन प्रार्थनास्थळं अगदी शेजारी आहेत आणि दोन्ही राष्ट्रीय स्मारकं आहेत. देवळाला तो दर्जा 1973 मध्ये मिळाला. तरी ते जपून ठेवलेलं प्रदर्शन झालेलं नाही. फेब्रुवारी 2023 मध्येच त्याचा कुंभाभिषेक, म्हणजे डागडुजीनंतरची पुनःप्रतिष्ठा, झाला, त्यामुळे गोपुराचे रंग अजून ताजे आहेत.

जाणार असाल तर सकाळी लवकर जा, दुपारी मंदिर बंद असतं. जमलं तर सहल दिवाळीच्या आधीच्या आठवड्याला जोडा, तीमिती साधारण तेव्हाच येते. मी त्याच बेताने पुढचं तिकीट काढणार आहे.