शेडची हवा-लाइन, नोंद ३: पाइप ठरला, पाण्याची टेस्ट झाली

सध्याची स्थिती: धायरीतली १० बाय १८ फुटांची पत्र्याची शेड, २ एचपीचा बेल्टवाला कॉम्प्रेसर, ५० लिटरची टाकी, कट-ऑफ (पंप आपोआप बंद होणं) ८ बार दाबाला. हवा तीन जागी हवी: वर्कबेंच, ग्राइंडरचा कोपरा आणि दाराजवळची रंगकामाची जागा. पाइप आटे पाडून आला, भिंतीवर चढला, पाण्याने टेस्टही झाली. फिल्टर-रेग्युलेटर (हवेतलं पाणी धरणारा आणि दाब नेमका ठेवणारा) बसायचा बाकी आहे.

आधी ‘हवेला सीपीव्हीसी, म्हणजे नळाचा प्लास्टिक पाइप, का नाही’ हा विषय संपवू, कारण दर वेळी गाडी तिथेच अडते. नळकामातून उरलेला पाइप माळ्यावर पडलेला असतो, चिकटवायला पाच मिनिटं लागतात आणि अंगावर दाबही भरघोस छापलेला असतो. अर्धा इंची शेड्यूल ४० यूपीव्हीसीचं (तसाच दुसरा प्लास्टिक पाइप; शेड्यूल आणि एसडीआर ही भिंतीच्या जाडीची मापं) रेटिंग ६०० पीएसआय, म्हणजे ४१ बार. एसडीआर ११ सीपीव्हीसीचं चौरस सेंटीमीटरला २८ किलो. आपला कॉम्प्रेसर ८ वर बंद होतो, मग बिघडलं कुठे?

पहिली गोष्ट, हे आकडे २३ अंश सेल्सिअसचे आहेत. यूपीव्हीसीची ताकद ४३ अंशांना जेमतेम निम्मी उरते, ६० अंशांना पाचवा हिस्सा. मे महिन्यात पुण्यात बाहेरच ३८-४० असतं. पत्र्याखाली, छताला लागून गेलेल्या पाइपचं काय होत असेल ते पत्र्याला हात लावून बघा. त्यात पंपाच्या हेडमधून निघणारी हवा १०० अंशांच्या वर असते. टाकीत ती निवते, पण पंप सलग चालला तर पूर्ण नाही.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. ते रेटिंग पाण्याचं आहे. पाणी जवळजवळ दाबलंच जात नाही, म्हणून ८ बारच्या एक लिटर पाण्यात साठलेली ऊर्जा ०.१५ ज्यूलच्या आसपास. पाइप तडकला की दोन थेंब उडतात आणि दाब शून्यावर. तेवढ्याच हवेत साधारण १,००० ज्यूल असतात: दहा किलोचं वजन दहा मीटरवरून, म्हणजे तिसऱ्या मजल्याच्या गच्चीवरून, खाली सोडल्यासारखं. आणि मागे ५० लिटरची टाकी उभी आहेच. पीव्हीसी फाटत नाही, त्याच्या काचेसारख्या कपच्या उडतात. अमेरिकेच्या कामगार सुरक्षा यंत्रणेने, ओशाने, उघड्यावरच्या पीव्हीसी पाइपमधून दाबाखालची हवा नेण्याबद्दल १९८८ मध्येच धोक्याची सूचना काढली होती.

‘आमच्याकडे पाच वर्षं चाललंय’ याला उत्तर एवढंच, की ऊन खाऊन हा पाइप दरवर्षी जास्त ठिसूळ होतो आणि कॉम्प्रेसरच्या तेलाची वाफ सीपीव्हीसीला आतून तडे पाडू शकते. फुटणारा पाइप आधी फुसफुसत नाही. शिडीचा धक्का किंवा पाना पडायचं निमित्त पुरतं.

म्हणून पाइप निवडताना तो किती दाबाला तुटतो हे नंतर, कसा तुटतो हे आधी बघायचं. जीआय, म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेला लोखंडी पाइप, गंजतो, आट्यातून गळतो, सूं सूं आवाज करतो. कपच्या मात्र फेकत नाही. इथे बी क्लास जीआय घेतला आहे, आयएस १२३९ या भारतीय मानकाचा, निळ्या पट्टीचा. पिवळी पट्टी म्हणजे हलका ए क्लास. आटे पाडल्यावर त्याची भिंत फार पातळ उरते. लाल पट्टीचा सी क्लास इथे उगाच वजन वाढवतो.

बाकीचे पर्याय थोडक्यात. तांबं उत्तम, गंजत नाही, पण महाग आणि झाळकाम नीट यायला हवं. एअरनेट किंवा ट्रान्सएअरसारख्या अॅल्युमिनियमच्या प्रणाली जीआयच्या कैक पट महाग, पण भाड्याच्या जागेत त्याच घ्या: जाताना सुट्या करून नेता येतात. मध्ये अॅल्युमिनियमचा थर असलेला कंपोझिट पाइप तेव्हाच, जेव्हा कंपनीच्या कागदावर ‘कॉम्प्रेस्ड एअर’ असं लिहिलेलं असेल आणि फिटिंगही त्यांचंच असेल. हिरव्या पीपीआर प्लास्टिक पाइपलाही तोच नियम. दुकानदाराचं ‘चालतंय ओ’ हा कागद नव्हे.

साइजबद्दल एक गैरसमज सर्रास दिसतो: मेन लाइन एक इंची टाकायची आणि तिच्या टोकाला ८ बाय ५ ची (बाहेरून ८, आतून ५ मिमी) निळी पीयू कॉइल, म्हणजे प्लास्टिकची वेटोळी नळी, लटकवायची. मिनिटाला २८० लिटर हवा खेचली, तर १२ मीटर अर्धा इंची जीआयमध्ये दाब पडतो ०.०१ बारच्या आसपास. आतून ५ मिमी असलेल्या त्या कॉइलच्या नुसत्या ५ मीटरमध्ये दीड बार जातो. १० बाय ६.५ ची घेतली तर ०.४, १२ बाय ८ ची घेतली तर ०.१५. तेव्हा मेन अर्धा इंचीच ठेवली आणि वाचलेले पैसे शेवटच्या पाच मीटरच्या होजवर घातले.

आता पाणी. पुण्याच्या पावसाळ्यात २७ अंश आणि ८५ टक्के आर्द्रता धरली, तर एक घनमीटर हवेत साधारण २२ ग्रॅम बाष्प असतं. हा पंप अर्ध्या तासात ४ घनमीटरच्या आसपास हवा ओढतो. ती ८ बारला दाबून परत २७ अंशांवर आली की ७५ मिली पाणी सुटं होतं, अमृततुल्यातला एक कप. बरंचसं टाकीत राहतं, उरलेलं लाइनमध्ये येतं. लाइनची सगळी मांडणी या कपासाठी आहे.

कॉम्प्रेसरपाशी उभा पाइप, तिथून ५.५ मीटरची लांब भिंत, मग ३ मीटरची आडवी. उतार कॉम्प्रेसरपासून दूर, मीटरला १ सेंटीमीटर, म्हणजे शेवटचं टोक साडेआठ सेंटीमीटर खाली. दोरी बांधून पाणसळ लावा; नजरेने केलेला उतार मध्ये हमखास पोटासारखा लोंबतो आणि पाणी तिथेच साचतं. खाली येणारी प्रत्येक लाइन मेनच्या वरच्या बाजूने निघते: टी (तीन तोंडांचा जोड) वर तोंड करून, निपल (दोन्हीकडे आटे असलेला छोटा तुकडा), एल्बो (काटकोनी जोड), निपल, एल्बो आणि मग खाली. मेनच्या तळाने वाहणारं पाणी असं बाजूने निघून जातं. प्रत्येक लाइनच्या तळाशी टी, आडव्या तोंडाला हवा, खालच्या तोंडाला ६ इंची निपल आणि ड्रेनचा बॉल व्हॉल्व्ह. फिल्टर कॉम्प्रेसरला चिकटवायचा नाही, रंगाच्या ठिकाणी लावायचा: गरम हवेतलं बाष्प फिल्टरमधून आरपार जातं, निवल्यावर थेंब झालेलं पाणीच तो धरतो.

सामान: ६ मीटरचे ३ पाइप, टी ७, एल्बो ९, युनियन (मधूनच सुटणारा जोड) २, पितळी बॉल व्हॉल्व्ह ९, २ इंची निपल ९, ६ इंची निपल ४, क्लॅम्प १२. रविवार पेठेत बोहरी आळीत हे सगळं एका फेरीत मिळतं. माप लिहून दिलं तर पाइपवाले कापून आटेही पाडून देतात. घरी आणल्यावर कापाची आतली बर (कापताना उठलेली धारदार कड) गोल कानशीने काढा आणि कटिंग ऑइल पूर्ण धुवा, नाहीतर पुढे रंगाच्या पृष्ठभागावर माशाच्या डोळ्यासारखे गोल खड्डे पडतात.

युनियन विसरू नका. जीआयचा मधला तुकडा एकीकडून उलगडायला गेलात की दुसरीकडे आवळतो. युनियन नसेल तर एका गळक्या टीसाठी टोकापासून सगळी लाइन उतरवावी लागते. टेफ्लॉन टेप पहिला आटा सोडून, आट्याच्या दिशेने, ७-८ वेढे. पितळी व्हॉल्व्हमध्ये त्याहून जाड टेप कोंबली तर पाचरीसारखी बसून बॉडीच चिरते. कॉम्प्रेसर आणि लाइन यांच्यामध्ये ६० सेंटीमीटर रबरी होज, २० बारचा, दोन्ही टोकं क्रिम्प केलेली (मशीनने दाबून पक्की बसवलेली). पंप थरथरतो आणि ती थरथर थेट जीआयमध्ये गेली तर महिन्याभरात आटे गळू लागतात. स्क्रूवाली क्लिप इथे नको. निसटलेला होज चाबकासारखा फिरतो.

टेस्ट पाण्यानेच करा. प्लंबरकडचा हातपंप एक दिवस भाड्याने मिळतो. कॉम्प्रेसर आणि रेग्युलेटर सोडवा, सर्वांत खालच्या ड्रेनमधून पाणी भरा आणि तिन्ही जागांचे हवेचे व्हॉल्व्ह एकेक करून उघडा, धार सलग येईपर्यंत. ही पायरी चुकवली तर वळणांत हवा अडकते, आणि मग ती पाण्याची नव्हे, हवेचीच टेस्ट होते. दाब १२ बार, म्हणजे कामाच्या दीडपट, ३० मिनिटं. दोन जागा पाझरल्या: एका युनियनच्या बैठकीत टेपचा धागा अडकला होता, आणि दुसऱ्या लाइनच्या वरच्या एल्बोच्या ओतकामात सुईएवढं भोक होतं. एल्बो बदलला. लांबी (पुट्टी) भरून बुजवायच्या भानगडीत पडू नका.

त्यानंतर पाणी काढून हवेने, आधी २ बार, मग ८, साबणाच्या फेसाने प्रत्येक सांधा. एक मिलिमीटरचं भोक ७ बारला मिनिटाला ६० ते ७० लिटर हवा खातं. या पंपाचं जवळजवळ निम्मं उत्पादन तिथेच गेलं.

रात्रभर दाब धरून ठेवायचा तर टाकीचा व्हॉल्व्ह बंद करा. लाइनमध्ये जेमतेम ३ लिटर जागा आहे, त्यामुळे बारीक गळतीही गेजवर दिसते. टाकी जोडलेली असेल तर तीच गळती ५३ लिटरमध्ये हरवते. संध्याकाळी ८ बारला सोडलेला काटा सकाळी ७.७ बारवर दिसला तर मात्र फेस घेऊन धावू नका. शेड १० अंशांनी थंड झाली की तेवढा दाब आपोआप उतरतो. दुपारी पत्रा तापल्यावर पुन्हा वाचा.