मंडईच्या दिवशी आलेला विजय

गोंदियाहून डोंगरगडकडे जाणाऱ्या पॅसेंजरमधून सालेकसाला उतरलो, तर पुतणी फलाटावर वाट पाहत उभी. पाया पडायचंही विसरली. "काका, जितल्या! आपल्या पोट्ट्या जितल्या!"

आपल्या म्हणजे छत्तीसगडच्या. मुलींच्या राष्ट्रीय बास्केटबॉल स्पर्धेचं विजेतेपद त्यांनी आदल्या रात्री मिळवलं होतं. पुतणी छत्तीसगडातल्या राजनांदगावला मावशीकडे राहून शिकते आणि तिथेच खेळते. विजेत्या संघातल्या दोघींबरोबर तिने सराव केलाय. मी कॉलेजात असताना चार वर्षं हाच खेळ खेळलो, त्यामुळे घरी पोचेपर्यंत मोटरसायकलवर आमचा दुसरा विषयच नव्हता.

खरं तर मी आलो होतो मंडईसाठी. दिवाळी झाली की आमच्या झाडीपट्टीत, म्हणजे पूर्व विदर्भात, गावोगाव मंडई म्हणजे जत्रा भरते. लेकी माहेरी येतात, पाव्हण्यांनी घरं भरतात, रात्री दंडार हे नाचगाण्याचं लोकनाट्य उभं राहतं. धान कापणीला आलेलं, बांध्यांमधून पिवळा वास सुटलेला. ढिवरबायांच्या टोपल्यांत उकडलेले शिंगाडे. त्यांचं काळं साल नखाने सोललं की आत पांढराशुभ्र, कोमट गर. एक पायली घेतले आणि घरी पोचेपर्यंत अर्धे संपवले.

मोठी आई, म्हणजे पुतणीची आजी, ओट्यावर बसली होती. तिचं माहेर डोंगरगडच्या बाजूचं. शेजारच्या एका पोराने विचारलं, "महाराष्ट्राच्या पोरी हरल्या अन् तुमी कायले नाचता?" मोठ्या आईने त्याला जवळ बसवून घेतलं. "बाबू, माहं लगन झालं तवा माहेर अन् सासर एकाच राज्यात होतं. राजधानी नागपूर होती. रेघ तं मागून वढली."

ती बोलली ते अगदी खरं आहे. 1 नोव्हेंबर 1956 पर्यंत विदर्भ आणि छत्तीसगड दोन्ही जुन्या मध्य प्रदेशात होते. 1955 मध्ये सोव्हिएत मदतीने छत्तीसगडातल्या भिलाईचा पोलाद कारखाना उभारायचा करार झाला, तेव्हा भिलाईचा कारभारही नागपुरातूनच चालत होता. पुढे त्याच भिलाईत राजेश पटेल या प्रशिक्षकांनी खेड्यापाड्यांतल्या, आदिवासी घरांतल्या मुली हुडकून आणल्या, त्यांच्या जेवणाखाण्याची, शाळेची काळजी वाहिली आणि त्यांना मैदानात उभं केलं. अंजू लाक्रा, सीमा सिंग भारताच्या संघात खेळल्या. कित्येकींना या खेळाने रेल्वेत नोकरी दिली. पटेल सर आता हयात नाहीत, पण पुतणी त्यांचं नाव घेते तेव्हा कानाच्या पाळीला हात लावते. मला ते फार आवडतं.

संध्याकाळी पुतणी मला घरामागच्या खऱ्यात, म्हणजे खळ्यात, घेऊन गेली. अजून धानाची चुरणी, म्हणजे मळणी, सुरू व्हायची होती, त्यामुळे शेणाने सारवलेलं खरं मोकळंच होतं. एका कडेला सागाचा खांब, आणि त्यावर बुरडाकडून विणून घेतलेली बांबूची टोपली, बूड कापलेली. उंची तिने टेपने मोजून घेतली होती, बरोब्बर 3.05 मीटर, म्हणजे दहा फूट. मी तिला सांगितलं की 1891 मध्ये अमेरिकेत जेम्स नेस्मिथने हा खेळ सुरू केला तोही फळांच्या टोपल्या टांगूनच, आणि उंची हीच, दहा फूट. त्या टोपल्यांना तर बूडही होतं, चेंडू दरवेळी वरून काढावा लागे. ती टोपलीकडे बघत राहिली. मग म्हणाली, "म्हंजे आमी बरोबरच केलं."

सारवलेल्या जमिनीवर चेंडू सिमेंटसारखा उसळत नाही, जरा मेल्यागत वर येतो. म्हणून ड्रिबल करताना तिचा हात खाली, पार गुडघ्यापाशी असतो. राजनांदगावच्या पक्क्या मैदानावर याच सवयीमुळे तिच्याकडून कुणाला चेंडू काढून घेता येत नाही म्हणे. गावातल्या सात-आठ पोरी जमल्या होत्या. सगळ्या अनवाणी. यांना तालुक्याच्या ठिकाणी एक पक्कं मैदान आणि एक शिकवणारा माणूस मिळायलाच हवा. खेळासाठी राज्याची हद्द ओलांडायची वेळ माझ्या पुतणीवर आली, तिच्यानंतरच्या पोरींवर येऊ नये असं मला मनापासून वाटतं.

रात्री दंडार सुरू होण्याआधी माईकवाल्याने जाहीर केलं, "भिलाई-राजनांदगावच्या पोरी देशात पैल्या आल्या हो!" ढोलकीवर थाप पडली, शिट्ट्या वाजल्या. पुतणीला मंचावर बोलावलं तर ती लाजून आजीच्या पाठीशी लपली. शेवटी मोठी आईच तिचा हात धरून वर गेली आणि पहिला पेढा तिने दंडारीतल्या नाच्या पोराच्या तोंडात घातला. पेढे पुरले नाहीत, मग मुरमुरे वाटले.

दुसऱ्या दिवशी दोघंही सालेकसा स्टेशनवर होतो. मला गोंदियाची गाडी, तिला डोंगरगडकडची. तिची आधी आली. पिशवीत चेंडू आणि मैत्रिणींसाठी बांधून घेतलेले दोन किलो शिंगाडे. गाडी दरेकसाच्या बोगद्याच्या दिशेने सुटली तेव्हा ती दारात उभी राहून ओरडत होती, "काका, पुढच्या मंडईले चेंडू तुमी आना!"